गाडी बोटीत घालून टास्मानियाची प्रदक्षिणा (नाशिककर, प्रश्न इथेच विचारा)

गोदाकाठची

टास्मानियात स्वतः गाडी चालवत फिरता येतं का, झेपतं का, असं आपल्या नाशिककरांच्या गप्पांच्या धाग्यात अधूनमधून कोणीतरी विचारतं आणि विषय मिसळीवर जाऊन थांबतो. आम्ही दोघं जाऊन आलो, म्हणून हा वेगळा धागा.

लेक मेलबर्नला असते. तिची गाडी घेतली, जिलाँगच्या धक्क्यावर रात्री बोटीत चढवली, सकाळी डेव्हनपोर्टला उतरवली, बेटाला वळसा घातला आणि डेव्हनपोर्टहूनच परतलो. टूर कंपनी नाही, ग्रुप नाही, 'चला चला उशीर होतोय' म्हणणारा मॅनेजर नाही. गाडी बहुतेक मीच चालवली. नकाशा, खिचडी आणि सूचना ही खाती अहोंकडे होती.

आधी आकाराचं बोलते, कारण सगळ्या नियोजनाचा विचका तिथेच होतो. ऑस्ट्रेलियाच्या नकाशात टास्मानिया तळाशी पडलेला एक ठिपका दिसतो. क्षेत्रफळ आहे ६८ हजार चौरस किलोमीटर. आपले नाशिक, नगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे पाचही जिल्हे एकत्र केले तरी त्याहून ते मोठंच भरतं. माणसं मात्र सगळ्या बेटावर मिळून पावणेसहा लाखांच्या आसपास. एकट्या नाशिक शहराचीच २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. तेव्हा रस्ते मोकळे मिळतात, पण ते सरळ नाहीत आणि बहुतेक ठिकाणी दुपदरी आहेत. होबार्ट ते लाँसेस्टन हा मुख्य हायवे साधारण २०० किलोमीटर, अडीच तासांत होतो. तो सोडलात की हिशोब बदलतो. डेव्हनपोर्टहून क्रेडल माउंटन जेमतेम ८० किलोमीटर, पण दीड तास धरा. होबार्टहून क्वीन्सटाउन २६० किलोमीटर, त्यात मध्ये थांबावंसं वाटणारच, म्हणजे अख्खा दिवस.

दुसरी गोष्ट, ही प्रदक्षिणा पुरी होत नाही. नैऋत्येचा मोठा कोपरा जंगल आणि डोंगरांचा आहे, तिथून आरपार रस्ताच नाही. एक रस्ता स्ट्रॅथगॉर्डनला धरणापाशी संपतो. दुसरा खाली कॉकल क्रीकला संपतो, आणि ऑस्ट्रेलियातला सर्वात दक्षिणेकडचा रस्ता तोच. महादेवाला घालतात तशी सोमसूत्री प्रदक्षिणा समजा: जिथवर जाता येतं तिथवर जायचं आणि मागे वळायचं. हे आधी मनाशी पक्कं केलं की 'सगळं बघून झालं पाहिजे' हा अट्टहास आपोआप सुटतो.

आमचा क्रम: डेव्हनपोर्ट, लाँसेस्टन, सेंट हेलेन्स आणि बे ऑफ फायर्स, फ्रेसिने, पोर्ट आर्थर, होबार्ट, ब्रुनी बेट, मग लायल हायवेने पश्चिमेला स्ट्रॅन, क्रेडल आणि पुन्हा डेव्हनपोर्ट. घड्याळाच्या दिशेनेच जा असं मी सांगेन, आणि कारण धार्मिक नाही. तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. या दिशेने निघालं की पूर्व किनाऱ्यावर समुद्र डाव्या हाताला राहतो. एखादी जागा आवडली की गाडी सरळ डावीकडे घ्यायची, समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. शिवाय सोपे रस्ते आधी येतात आणि पश्चिमेची वळणं हात बसल्यावर.

पूर्व किनाऱ्याचं वर्णन फार करत नाही, फोटो सगळीकडे आहेत. बे ऑफ फायर्सच्या खडकांवर नारिंगी रंगाचं दगडफूल चढलेलं असतं. नाव त्यावरून पडलं असं वाटतं, पण ते जुनं आहे. १७७३ साली फर्नो नावाच्या कप्तानाला किनाऱ्यावर मूळ रहिवाशांच्या शेकोट्या दिसल्या, त्यावरून. फ्रेसिनेत वाइनग्लास बेच्या लुकआउटपर्यंत पायऱ्यापायऱ्यांची चढण आहे. वणीच्या गडाच्या पायऱ्या चढणाऱ्याला तिचं काही वाटणार नाही.

ब्रुनीवर मात्र जरा रेंगाळते, कारण या सहलीतली माझी आवडती जागा ती. बेटावरून पुन्हा एका बेटावर जायचं. होबार्टच्या दक्षिणेला केटरिंग गाव आहे, तिथून फेरीबोट. रांगेत गाडी लावायची, आरक्षण नाही. पलीकडे रॉबर्ट्स पॉइंटला वीसेक मिनिटांत उतरवतात. तिकीट जातानाच जाण्यायेण्याचं घेतात, परतताना कोणी विचारत नाही. ब्रुनी म्हणजे खरं तर दोन बेटं, वाळूच्या एका अरुंद पट्टीने जोडलेली. त्या पट्टीला 'नेक' म्हणतात, म्हणजे मान. तिथल्या लाकडी जिन्याने वर गेलं की दोन्ही बाजूंना समुद्र आणि मधून जाणारा एकच रस्ता दिसतो. वर त्रुगनिनी या मूळ रहिवासी स्त्रीचं स्मारक आहे. ती याच बेटावरची. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिच्या माणसांचं जे केलं ते वाचून जा, नाहीतर ते स्मारक नुसता फोटोचा स्पॉट होतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर तिथेच छोटे पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात. पांढरा टॉर्च आणि फ्लॅश मारू नका, लाल कागद लावलेला टॉर्च चालतो.

दक्षिण टोकाला दीपगृह आहे, कैद्यांच्या हातून बांधलेलं, १८३८पासूनचं. तिथवरचा रस्ता बराचसा कच्चा आहे. गाडी भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का हे करारात आधी वाचा.

आणि शेवटचा, सर्वात महत्त्वाचा नियम: सूर्य मावळला की गाडी लावून टाकायची. वॉलबी, वोंबॅट, पॉसम सगळे संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात. सकाळी रस्त्याकडेला मेलेली जनावरं इतकी दिसतात की पहिल्या दिवशी आम्ही दोघंही गप्प झालो होतो. डिसेंबरात होबार्टला पावणेनऊच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिवस पुरतो. पण लहान गावात हॉटेलचं स्वयंपाकघर आठलाच बंद होतं. म्हणून खिचडी.

विचारा.

*

सह्यभटक्या

झकास धागा. एक मजेशीर गोष्ट: टास्मानियातलं सर्वात उंच शिखर माउंट ओसा, १६१७ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे इगतपुरीच्या पोराने तिकडे छाती काढून फिरायला हरकत नाही.

पण तिथे भर उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतो म्हणतात. क्रेडलला ट्रेक केलात का?

*

गोदाकाठची

@सह्यभटक्या, छाती काढून फिरा, पण जॅकेट घालून. बेट ४२ अंश दक्षिणेला आहे आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला वाटेत जमीनच नाही. आम्ही क्रेडलला गेलो तेव्हा सकाळी ऊन, दुपारी गारा, आणि चहा होईतो पुन्हा ऊन.

डव्ह लेकला वळसा घातला, सहाएक किलोमीटर, बरीचशी वाट लाकडी फळ्यांची. गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही जमेल, घाई नको. शटल चालू असते त्या वेळात स्वतःची गाडी तलावापर्यंत नेऊ देत नाहीत. व्हिजिटर सेंटरला लावायची आणि शटल बसने जायचं. राष्ट्रीय उद्यानांचा पास आधीच काढा. गाडीमागे एक हॉलिडे पास मिळतो, दोन महिने चालतो, गाडीत आठ जण असले तरी तोच.

वोंबॅटची लेंडी चौकोनी असते, हे वाचलं होतं. खरंच असते. अहोंनी तिचे फोटो माझ्यापेक्षा जास्त काढले आहेत.

*

खडूस काका

वाचलं. चांगलं लिहिलंय. पण एवढा व्हिसा, विमान, डॉलर कशाला? बोटीत गाडीच घालायची तर कोकण आहे ना. समुद्र तोच.

*

धोपावे धक्का

काकांशी अर्धा सहमत. ज्यांनी कधीच गाडी बोटीवर चढवलेली नाही त्यांनी आधी इथे हात साफ करावा.

नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईत भाऊच्या धक्क्यावर या, तिथून मांडव्याची रो-रो (गाड्या थेट आत चढवायची बोट) आहे, २०२०पासून. पुढे मुरूड बघून आगरदांडा–दिघी. श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडला–वेश्वी, सावित्रीची खाडी. आंजर्ले, दापोली करत दाभोळ–धोपावे, वाशिष्ठी. ही फेरी २००३ची, कोकणात गाड्या वाहण्याची पद्धत तिनेच पाडली. गुहागरवरून खाली तवसाळ–जयगड, शास्त्री. उतरलात की गणपतीपुळे. एका सहलीत इतक्या खाड्या गाडीसकट ओलांडायला दुसरीकडे कुठे मिळतील?

बोटीवर गाडी घालताना: खलाशी हात करतो त्याच्याकडेच बघायचं, शेजारी बसलेल्या माणसाच्या सूचनांकडे नाही. उतारावर क्लच जाळू नका. लावली की हँडब्रेक ओढा आणि गिअरमध्ये ठेवा. आरसे मिटून घ्या. भरती-ओहोटीप्रमाणे उताराचा कोन बदलतो, ओहोटीला लांब आणि खाली असलेली सेडान पुढून घासते.

*

गोदाकाठची

@धोपावे धक्का, 'शेजारी बसलेल्या माणसाच्या सूचना' हे वाक्य अहोंना मोठ्याने वाचून दाखवलं. धन्यवाद.

कोकणातल्या फेऱ्या आम्ही केल्या आहेत आणि त्याचा फायदा झालाच. @खडूस काका, समुद्र तोच नाही हो. खाडी ओलांडायला पाव तास लागतो, आणि तेवढ्यात गाडीत बसून भजी खाता येतात. मुख्य ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांच्यामधली बास सामुद्रधुनी ओलांडायला अख्खी रात्र जाते, नऊ ते अकरा तास. गाडी खालच्या डेकवर लावली की वर जायचं, बोट चालू असेपर्यंत खाली परत येऊ देत नाहीत. तेव्हा औषधं, शाल, चष्मा, चार्जर हे सगळं लहान पिशवीत वेगळं काढून ठेवा. गाडीचा अलार्म बंद करा.

*

यारातीरी

मी मेलबर्नमध्येच राहतो, मूळचा सिडकोचा. थोडी भर घालतो.

बोट मेलबर्नच्या स्टेशन पिअरवरून सुटायची ते २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत. जुने ब्लॉग वाचून अजूनही लोक तिकडे जाऊन उभे राहतात. आता जिलाँग. मेलबर्नहून ७५ किलोमीटर आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी फ्रीवे तुंबतो, वेळ हातात ठेवून निघा.

केबिन मिळाली तर घ्या. खुर्चीवर रात्र काढणं तरुणांचं काम.

बोट लागणाऱ्यांसाठी: बास सामुद्रधुनी उथळ आहे, सरासरी खोली ६० मीटरच्या आसपास. शेवटच्या हिमयुगात तिथे कोरडी जमीन होती, माणसं चालत टास्मानियात गेली. पाणी वर आलं, साधारण १२ हजार वर्षांपूर्वी बेट तुटलं. आता पश्चिमेच्या महासागरातून मोठ्या लाटा येतात आणि उथळ पाण्यात शिरल्या की त्या आखूड आणि उभ्या होतात. वारा असेल तर बोट हलणार. गोळी बोटीत चढण्याआधी घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि केबिन शक्यतो मधल्या भागातली, टोकाची नको.

नातेवाइकांची गाडी नेत असाल तर त्यांच्या विमा कंपनीला फोन करून पाहुण्या चालकाचं विचारून घ्या. काही पॉलिसींत नाव घालावं लागतं.

*

नवशिका चालक

परवान्याचं काय? आपलं महाराष्ट्राचं लायसन्स चालतं का? आणि वहिनी, तुम्ही चालवलीत? तिकडे सगळे १००च्या वर जातात ना? भीती नाही वाटली?

*

गोदाकाठची

आपल्या स्मार्टकार्डावर इंग्रजीत मजकूर असतो, त्यामुळे पर्यटक म्हणून गेल्यावर ते चालतं. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवला. पेठ रोडच्या आरटीओत हजार रुपये फी, वर्षभर चालतो. भाड्याची गाडी देणारे कधी कधी तोच मागतात.

वेग: हायवेला कमाल ११०, गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याला पाटी नसेल तर १००, कच्च्याला ८०. पण ही मर्यादा आहे, सक्ती नाही. मागे गाडी साचली की डावीकडे घेऊन जाऊ द्यायची. टोलनाका बेटावर एकही नाही! कसारा घाटात ट्रकांच्या मधून वाट काढलेल्या आणि द्वारका सर्कलवर रोज स्कूटर घातलेल्या बाईला तिथे भीती वाटावी असं काय आहे? एकच सवय मोडावी लागते. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला खरंच जाऊ द्यायचं असतं.

अहोही चालवतात. पण मग सूचना मी देते, आणि ते त्यांना मानवत नाही.

*

बागवाला निफाड

वाचतोय. आमची द्राक्षबाग आहे. फळं-भाजी नेऊ देत नाहीत ते कितपत खरं? आणि शेतकऱ्याला विमानतळावर जास्त विचारतात का?

*

गोदाकाठची

@बागवाला निफाड, शंभर टक्के खरं. दोन चाळण्या आहेत. पहिली ऑस्ट्रेलियात शिरताना. विमानात जे कार्ड भरतो त्यात गेल्या ३० दिवसांत शेतावर गेला होतात का, असं थेट विचारलेलं असतं. तुम्ही 'हो' लिहा. बुटांना माती असेल तर ते धुऊन घेतील, एवढंच. खोटं लिहून सापडलात तर दंड जबर. पेढे, बर्फी असली दुधाची मिठाई इकडून नेऊ नका, ताजा कढीपत्ता नको, बियाणं तर अजिबात नको. बाकी खाऊ जो नेताय तो सगळा लिहायचा. आम्ही नाशिकचा चिवडा लिहिला, त्यांनी पाकीट उघडून वास घेतला आणि परत दिला.

दुसरी चाळणी बोटीपाशी. टास्मानिया बाकीच्या ऑस्ट्रेलियाकडूनही काही घेत नाही. ताजी फळं, भाज्या, रोपं, सगळं काढून ठेवावं लागतं. कुत्रे असतात हुंगायला. माझं माहेर लासलगावचं, आणि मला मुकाट्याने कांदे पेटीत टाकावे लागले. माहेरी कळवलेलं नाही.

*

बागवाला निफाड

हाहा. ताई, पण त्यांचं बरोबर आहे. २०१८ला तिथे फळमाशी सापडली होती, तेव्हा उत्तरेकडच्या बागांतून फळ बाहेर काढायला बंदी घातली आणि २०१९पर्यंत माशी संपवून दाखवली. फळमाशी नाही म्हणूनच त्यांच्या चेरीला बाहेर भाव आहे. द्राक्षाच्या मुळाला लागणारा फायलोक्सेरा हा कीटकही तिथे नाही.

आपण २०१०ला काय भोगलं ते निफाड-दिंडोरीतला प्रत्येक जण जाणतो. क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश द्राक्षांत सापडला म्हणून युरोपातून कंटेनर परत. तेव्हा 'एवढ्याशा अंशाचं काय' म्हणणारे आता प्रत्येक प्लॉटची तपासणी करून घेतात. सीमेवर अडवतात त्याचा राग येतो, पण माल विकायचा असेल तर हेच करावं लागतं.

तिकडच्या बागा पाहिल्यात का? वाइनच्या?

*

गोदाकाठची

टेमार नदीच्या खोऱ्यातून गेलो, लाँसेस्टनच्या उत्तरेला. पिनो न्वार जातीची द्राक्षं जास्त. आपण उन्हापासून घड वाचवतो, ते थंडीपासून. वसंतात कोंब फुटल्यावर दहिवर गोठलं की नुकसान, म्हणून काही बागांत उंच पंखे उभे केलेत. काढणी मार्च-एप्रिलला. चव वगैरे मी सांगणार नाही, अहोंच्या मते 'आपली गंगापूर रोडची काय वाईट आहे'.

*

मेतकूट भात

शाकाहारी लोकांनी काय खायचं? आई-बाबांना पाठवायचा विचार आहे, अंडंसुद्धा चालत नाही.

*

गोदाकाठची

होबार्ट आणि लाँसेस्टनला भारतीय हॉटेलं आहेत. मधल्या गावांत चिप्स, चीज सँडविच, नशीब असेल तर भोपळ्याचं सूप. त्यामुळे राहायला स्वयंपाकघर असलेली जागाच बघा. केबिनवाले हॉलिडे पार्क बहुतेक गावांत आहेत. तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला मेलबर्नच्या भारतीय दुकानातून बंद पाकिटात घेतलं, बोटीवर त्याला हरकत नव्हती. भाजी बेटावर उतरल्यावर. बटाटे तिथले फार चांगले. लहान कुकर न्या, पण शिट्टी झाली की शेजारच्या केबिनमधला माणूस बाहेर येऊन बघतो.

*

भगूरकर

पोर्ट आर्थरचा जुना तुरुंग एका शब्दात उरकलात. तिथे गेलात तर काही लिहा. मी अंदमानचं सेल्युलर जेल पाहिलंय, त्या तुलनेत कसं आहे?

*

गोदाकाठची

मुद्दाम मागे ठेवलं होतं, क्रमातून उगाच येऊ नये म्हणून.

दिसायला ते जेल वाटत नाही. हिरवळ, ओकची झाडं, निळी खाडी, पडक्या इमारती. १८३०ला सुरू झालं, १८७७ला बंद. इंग्लंडहून पाठवलेले कैदी, त्यातले पुन्हा गुन्हा केलेले इथे आणत. पोरांसाठी समोरच्या टोकावर वेगळा तुरुंग होता. द्वीपकल्पाची चिंचोळी वाट जिथे सुरू होते तिथे साखळीला बांधलेल्या कुत्र्यांची रांग असे, कोणी पळू नये म्हणून.

मग 'सेपरेट प्रिझन'मध्ये शिरलो. तिथे फटके बंद केले होते आणि त्याऐवजी शांतता आणली. प्रत्येकाला एकट्याची कोठडी. नावाने हाक नाही, नंबर. बाहेर काढताना तोंडावर बुरखा, एकमेकांना ओळखू नये म्हणून. दिवसात एक तास एकट्याने फिरायचं. चर्चमध्येसुद्धा प्रत्येकाला लाकडी खोका, मान फक्त समोर धर्मगुरूकडे. पहारेकरी मऊ सपाता घालून चालत, पावलांचाही आवाज होऊ नये म्हणून. कैदी सुधारतील अशी कल्पना होती. कित्येकांना वेड लागलं.

भगूरकर, तुम्हाला कळेल. नाशकात विजयानंद थिएटरमध्ये २१ डिसेंबर १९०९ला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या खटल्याच्या धाग्याने सावरकर १९११ला अंदमानात पोहोचले. सेल्युलर जेल १९०६ला बांधून झालं, पोर्ट आर्थर बंद झाल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी. एका कैद्याला दुसरा दिसू नये ही युक्ती तीच. फरक हा की पोर्ट आर्थरला इंग्रजांनी स्वतःचीच माणसं कोंडली होती. अहो तिथल्या अंधारकोठडीत दार लावून उभे राहिले. मी बाहेर थांबले. ते लवकर बाहेर आले.

आणखी एक. २८ एप्रिल १९९६ला एका माणसाने याच आवारात आणि आसपास ३५ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर काही महिन्यांत ऑस्ट्रेलियाने बंदुकांचे कायदे कडक केले. गोळीबार झाला त्या कॅफेच्या भिंती तशाच ठेवून भोवती बाग केली आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना त्याबद्दल विचारू नका, काहींची स्वतःची माणसं त्यात गेली आहेत.

*

भगूरकर

धन्यवाद. सविस्तर लिहिल्याबद्दल.

*

नक्षत्रवेडा

अवांतर आहे पण राहवत नाही. आकाश पाहिलंत का? तिथून ध्रुव दिसतच नाही. मृग डोक्यावर उभा राहिल्यासारखा उलटा, आणि व्याध त्याच्या खाली नव्हे, वर. अगस्तीचा तारा आपल्याला हिवाळ्यात दक्षिणेला खाली थोडा वेळ दिसतो, होबार्टच्या अक्षांशावर तो मावळतच नाही.

*

गोदाकाठची

@नक्षत्रवेडा, मृग उलटा दिसला! अगस्ती न मावळण्याचं माहीत नव्हतं, नाहीतर पहाटे उठून पाहिला असता. दिवसाही घोळ होतो. सूर्य दुपारी उत्तरेला असतो. अहो नकाशा न बघता उन्हावरून दिशा सांगत होते, ती दर वेळी उलटी निघायची. त्यांचा आत्मविश्वास मात्र शाबूत.

*

यारातीरी

पश्चिमेबद्दल कोणीच विचारलं नाही म्हणून लिहितो. लोक वेळ कमी पडला की स्ट्रॅन आणि क्वीन्सटाउन गाळतात. माझ्या मते गाळायचंच तर पूर्वेचा एखादा समुद्रकिनारा गाळा. क्वीन्सटाउनचे डोंगर बोडके आहेत. तांब्याच्या भट्ट्यांसाठी झाडं तोडली, गंधकाच्या धुराने उरलेली मेली, पावसाने माती धुऊन नेली. तिथून तासाभरात गॉर्डन नदीचं जंगल, जिथे धरण होणार होतं. लोकांनी आंदोलन केलं आणि १९८३च्या १ जुलैला कोर्टाच्या निकालाने ते थांबलं. एकाच दिवसात दोन्ही बघता येतं.

*

गोदाकाठची

सहमत. क्वीन्सटाउनमधून निघतानाचा वळणांचा रस्ता मला या सगळ्यात सर्वात कठीण गेला, आणि सर्वात आवडला. सकाळी निघा, पाऊस असेल तर निम्म्या वेगाने. पेट्रोल दिसेल तिथे भरा, मोबाइलची रेंज मधल्या मोठ्या पट्ट्यात जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

*

बागवाला निफाड

ताई, शेवटचं. डिसेंबर-जानेवारीत मला हलता येत नाही, माल तयार होत असतो. एप्रिल छाटणी उरकल्यावर मे-जून चालेल का? का ऑक्टोबर छाटणीच्या आधी सप्टेंबर?

*

गोदाकाठची

मे अखेर आणि जून म्हणजे तिथला हिवाळा. पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे गाडी चालवायचे तास बरेच कमी होतात, आणि डोंगरात सकाळी रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो. सप्टेंबर बरा. वारा सुटतो, क्रेडलला बर्फ असू शकतो, पण गर्दी नाही आणि राहायला सहज मिळतं. चेरी मिळणार नाही, ती डिसेंबर-जानेवारीची. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, ते तिकिटं काढताना लक्षात ठेवा.

*

बागवाला निफाड

मग सप्टेंबर. मंडळींना विचारतो. गाडी तीच चालवेल म्हणते.

*

धोपावे धक्का

त्याआधी पावसाळा संपायची वाट न बघता एकदा दाभोळला या. भरतीची वेळ मी सांगतो.